पक्ष्यांची जातिनिश्चिती आणि डी.एन.ए. बारकोड

मुदखेडच्या परिसरातील शेतकऱ्यास पावशा पक्ष्याची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही. उन्हाळा सरत आला, आभाळात ढग दिसू लागले, की हा पक्षी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ओरडू लागतो आणि ऐकणारा त्यास नावाने ओळखतो. परंतु हीच ओळख पटविण्याचे काम पावशा मुका असताना कोणावर पडले, तर त्याची मोठी पंचाईत होते. बांधावरून उडत गेलेला पावशा पाहणाऱ्यास शिक्रा वाटतो; रंग, शेपटीवरील पट्टे आणि उडण्याची ढब या सर्वच बाबतीत तो त्या शिकारी पक्ष्याचे सोंग घेतल्यासारखा दिसतो. त्याचे अंडे शोधू गेल्यास ते सातभाईच्या घरट्यात सापडते, आणि सातभाईच्या अंड्यासारखेच निळे असते. त्याचे पिलूही सातभाईच वाढवितात. म्हणजे एकाच जातीचा हा पक्षी अंडे, पिलू, प्रौढ आणि मेल्यानंतर उरलेले पीस, अशा चार अवस्थांत चार निरनिराळ्या कसोट्यांची मागणी करतो.

या चारही अवस्थांस एकच कसोटी लावता येईल काय, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत जीवशास्त्रज्ञांनी हाती घेतला. त्याचे जे उत्तर त्यांनी दिले, त्यास ‘डी.एन.ए. बारकोड’ असे नाव मिळाले आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व, तिची कार्यरीती, तिचे उपयोग आणि तिच्या मर्यादा यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

बारकोडची कल्पना

दुकानातील वस्तूंवर काळ्या रेघांची जी पट्टी असते तिच्यावरून यंत्र वस्तूचे नाव सांगते. अशीच एखादी पट्टी निसर्गाने प्रत्येक प्राणिजातीस दिलेली असावी आणि आपण ती वाचावयास शिकावे, अशी ही कल्पना आहे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे प्राध्यापक पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये ती स्पष्ट शब्दांत मांडली. पट्टी म्हणून त्यांनी निवडलेला डी.एन.ए.चा भाग म्हणजे पेशीतील तंतुकणिकांमध्ये असलेल्या ‘सायटोक्रोम ऑक्सिडेज – एक’ या जनुकाचा सुमारे ६४८ अक्षरांचा तुकडा होय. येथे ‘अक्षरे’ म्हणजे ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन हे डी.एन.ए.चे चार घटक समजावयाचे.

हाच तुकडा का, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे अशी. पहिले, हे जनुक श्वसनक्रियेच्या अखेरच्या पायरीवर काम करणाऱ्या प्रथिनाचे आहे. त्यावाचून प्राण्याचे चालत नाही, म्हणून ते सर्व प्राण्यांत आढळते. दुसरे, प्रत्येक पेशीत केंद्रकातील डी.एन.ए.च्या दोनच प्रती असतात, परंतु तंतुकणिकांतील डी.एन.ए.च्या प्रती शेकडो किंवा हजारो असतात. त्यामुळे वाळलेल्या, जुन्या अथवा अल्प नमुन्यातूनही एखादी प्रत हाती लागण्याचा संभव अधिक. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. डी.एन.ए.ची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत लिहिलेली असते, आणि या शब्दांतील तिसरे अक्षर बदलले तरी बहुधा प्रथिनात फरक पडत नाही. म्हणून प्रथिन तेच राहते, पण तिसऱ्या स्थानावरील अक्षरे पिढ्यानुपिढ्या बदलत जातात. स्थिर भागांमुळे तुकडा शोधणे सुलभ होते आणि बदलत्या भागांमुळे जाती वेगळ्या ओळखता येतात.

या कल्पनेची पहिली मोठी परीक्षा पक्ष्यांवरच झाली, आणि त्यास कारणही होते. पक्ष्यांचे वर्गीकरण इतर कोणत्याही प्राणिगटापेक्षा अधिक बारकाईने झालेले असल्यामुळे नव्या पद्धतीचे उत्तर जुन्या उत्तराशी ताडून पाहता येत होते. हेबर्ट, स्टोकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उत्तर अमेरिकेतील २६० पक्षिजातींचे बारकोड प्रसिद्ध केले. एकाच जातीच्या दोन पक्ष्यांमध्ये जेवढा फरक आढळला, त्याच्या सरासरी १८ पट फरक एकाच प्रजातीतील निकटच्या जातींमध्ये आढळला. आकड्यांत सांगावयाचे तर ६४८ अक्षरांपैकी जातीअंतर्गत दोन-तीन अक्षरांचा आणि जाती-जातींमध्ये पन्नासाच्या आसपास अक्षरांचा फरक. या दोहोंमधील मोकळ्या जागेस ‘बारकोड-अंतराळ’ म्हणता येईल; संपूर्ण पद्धती त्याच्यावर उभी आहे. २००७ मध्ये हाच अभ्यास ६४३ जातींपर्यंत नेण्यात आला, तेव्हा त्यांपैकी ९४ टक्के जाती बारकोडवरून स्पष्टपणे वेगळ्या ओळखता आल्या. उरलेल्या सहा टक्क्यांकडे आपण पुढे वळणारच आहोत. कारण शास्त्राची खरी शिकवण बहुधा अशा उरलेल्यांतच असते.

प्रयोगशाळेतील मार्ग

समजा, मुदखेडजवळच्या एखाद्या शेतात आपणास एक पीस मिळाले. पिसाच्या देठाचे टोक, जे कातडीत रुतलेले असते, तेथे थोड्या पेशी चिकटलेल्या असतात. देठाच्या वरच्या छिद्रापाशी वाळलेल्या रक्ताचा बारीक कणही असतो. ते कापून प्रथिने विरघळविणाऱ्या विकराच्या द्रावणात सुमारे ५६ अंश सेल्सियस तपमानास रात्रभर ठेवितात आणि त्यातून डी.एन.ए. शुद्ध करून घेतात.

नंतर पॉलिमरेज शृंखला अभिक्रियेने इष्ट तुकड्याच्या प्रती काढतात. सुमारे ९४ अंशांस डी.एन.ए.चे दोन धागे विलग होतात. तपमान पन्नासच्या आसपास आणले असता ‘प्रारंभक’ म्हणून घातलेले छोटे तुकडे इष्ट भागाच्या दोन्ही टोकांस जाऊन चिकटतात. आणि ७२ अंशांस पॉलिमरेज विकर त्यांपासून नवा धागा विणतो. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, म्हणून ३५ फेऱ्यांनंतर, निदान कागदावर, एका प्रतीच्या ३४ अब्ज प्रती होतात. ही वृद्धी जितकी उपकारक तितकीच धोक्याची आहे. संशोधकाच्या डब्यातील कोंबडीचा एखादा कण नमुन्यात शिरला, तर त्याचीही तेवढीच वृद्धी होते. म्हणून प्रत्येक वेळी नमुना न घातलेली एक नळी सोबत चालविली पाहिजे. ती नळी कोरी निघाली नाही, तर त्या दिवसाचे सर्व काम टाकून द्यावयाचे, यास अपवाद नाही.

प्रतींचा अक्षरक्रम यंत्राने दोन्ही धाग्यांवरून वाचतात आणि तो ज्ञात क्रमांच्या भांडाराशी ताडून पाहतात. दोन क्रमांमधील अंतर मोजण्याकरिता जपानी शास्त्रज्ञ मोटू किमुरा यांनी १९८० मध्ये दिलेले सूत्र सामान्यतः वापरले जाते. भिन्न प्रकारचे अक्षरबदल भिन्न वेगाने होतात, ही गोष्ट त्यात हिशेबात धरलेली आहे.

येथे पक्ष्यांविषयीची एक विशेष गोष्ट सांगणे अवश्य आहे. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशींत केंद्रक नसते, पक्ष्यांच्या असते. त्यामुळे पक्ष्याच्या रक्ताचा एक थेंबही डी.एन.ए.ची खाण ठरतो. नवशिक्यास वाटते, मग रक्तासारखा उत्तम नमुना दुसरा कोणता? परंतु उत्क्रांतीच्या ओघात तंतुकणिकांतील जनुकांचे काही तुकडे केंद्रकात जाऊन बसलेले आहेत. ते मूळ जनुकाची जुनी, निकामी नक्कल होत. रक्तात केंद्रकातील डी.एन.ए. फार असल्यामुळे मूळ जनुकाऐवजी ही नक्कलच वाचली जाण्याचा संभव तेथे वाढतो. अशा वेळी क्रमाचे प्रथिनात भाषांतर करून पाहावे. मध्येच ‘थांबा’ असा संकेत आला, तर आपण नक्कल वाचली असे समजावे.

उपयोग

४ ऑक्टोबर १९६० रोजी अमेरिकेत बोस्टन येथे उड्डाण करीत असलेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या विमानाच्या इंजिनांत पक्ष्यांचा थवा शिरला आणि ६२ माणसे मृत्युमुखी पडली. इंजिनांतून निघालेले पिसांचे अवशेष स्मिथसोनियन संस्थेतील रॉक्सी लेबोर्न या विदुषीकडे पाठविण्यात आले. संग्रहालयातील पक्ष्यांशी ते ताडून तो थवा स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांचा होता, असे ठरविण्यात आले. पुढे लेबोर्न यांनी पिसांच्या मुळाशी असणाऱ्या मऊ तंतूंची सूक्ष्मदर्शकीय रचना अभ्यासून एक स्वतंत्र विद्याच निर्माण केली. परंतु पिसाच्या सूक्ष्मरचनेवरून पुष्कळदा गण किंवा कुळ कळते, जाती कळत नाही. याच संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये विमानांवरील अवशेषांच्या ओळखीसाठी बारकोडची उपयुक्तता दाखवून दिली. पुढच्याच वर्षी, १५ जानेवारी २००९ रोजी, न्यूयॉर्क येथील हडसन नदीवर उतरविलेल्या विमानाच्या इंजिनांतील अवशेष कॅनडा हंसाचे असल्याचे याच मार्गाने निश्चित झाले. पक्ष्याची जाती कळली म्हणजे तो धावपट्टीजवळ कशासाठी येतो, गवतातील किड्यांसाठी की साचलेल्या पाण्यासाठी, हे कळते आणि उपाय योजता येतो. तेथे नावाच्या अचूकपणावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

दुसरा उपयोग आपल्याकडील आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये तित्तिर, लावा इत्यादी रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे. परंतु पिसे काढून तुकडे केलेले मांस पुढे आले असता ते कोणाचे, हे डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि न्यायालयास तर्क चालत नाही. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील एस. के. वर्मा व लालजी सिंह यांनी, हेबर्ट यांचा प्रबंध आला त्याच २००३ साली, ‘सायटोक्रोम बी’ या तंतुकणिकांतील दुसऱ्या जनुकावर आधारलेले सार्वत्रिक प्रारंभक प्रसिद्ध केले. पृष्ठवंशी प्राण्यांच्या न्यायवैद्यक ओळखीसाठीच ते सिद्ध केलेले होते. म्हणजे ही विद्या सर्वस्वी बाहेरून आलेली आहे, असे समजण्याचे कारण नाही. इकडे छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात डी.एन.ए. बारकोड व जैवविविधता यांच्या अभ्यासासाठी पॉल हेबर्ट यांच्या नावाचे केंद्र उभे राहिले. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावर मुदखेड या दोन ठिकाणांच्या मधोमध येते. अभ्यासकास दोन्ही दिशा मोकळ्या आहेत.

मर्यादा

बटेराचेच उदाहरण पुढे नेऊ. बाजारात पाळीव म्हणून जो बटेर विकला जातो, तो जपानी बटेर; हिवाळ्यात आपल्या शेतांत उतरतो तो रानटी लावा. या दोन जाती अतिशय निकटच्या असून त्यांचा संकर होतो. तंतुकणिका संततीस केवळ मातेकडून मिळतात. म्हणून आई जपानी आणि बाप रानटी अशा पक्ष्याचा बारकोड ‘जपानी बटेर’ असेच सांगेल. बारकोड येथे खोटे बोलत नाही. तो मातृवंशाविषयी खरेच सांगतो, पण आपण त्यास विचारलेला प्रश्न वेगळा असतो. अशा प्रकरणी केंद्रकातील जनुकांची साक्ष काढावीच लागते.

शिजविलेल्या मांसात डी.एन.ए.चे तुकडे झालेले असतात, तेव्हा ६४८ अक्षरांचा अखंड क्रम मिळत नाही. शे-सव्वाशे अक्षरांच्या ‘लघुबारकोड’वर भागवावे लागते. तुकडा लहान झाला की निर्णयाचे बळही उणे होते.

तिसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. उत्तर अमेरिकेच्या अभ्यासातील जे सहा टक्के पक्षी उरले, त्यांत मोठ्या कुरव पक्ष्यांच्या काही जाती प्रमुख आहेत. डोळ्यांस वेगळ्या दिसणाऱ्या या जाती बारकोडने वेगळ्या होत नाहीत. कारण त्या अलीकडेच विलग झाल्या आहेत, आणि त्यांच्यात अजून संकर होत असतो. याच्या उलट टोकाचे उदाहरण आपल्या परसात आहे. हिवाळ्यात आमराईत आणि बागांत किडे टिपणारा हिरवट पर्णवटवट्या उत्तरेकडून येतो. तिबेटच्या पठाराभोवती त्याची वस्ती वलयाकार पसरली आहे. शेजारशेजारच्या वस्त्या एकमेकींत मिसळतात, पण सैबेरियात जेथे वलयाची दोन टोके भेटतात, तेथील पक्षी परस्परांच्या गाण्यास प्रतिसाद देत नाहीत. डॅरेन अर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हा प्रकार तपशिलाने दाखविला. अशा ठिकाणी ‘दोन टक्क्यांपुढे भिन्न जाती’ असा नियम घेऊन बसणाऱ्याची गत कापडावरील रंगछटा पट्टीने मोजू पाहणाऱ्यासारखी होते. जाती ही इतिहासातून घडत जाणारी गोष्ट आहे. बारकोड त्या इतिहासाची एक नोंद आहे, निर्णय नव्हे.

नामपट्टीचे महत्त्व

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. यंत्र पिसातील अक्षरे वाचते, पण ‘पावशा’ हे नाव त्या अक्षरांत कोठेही लिहिलेले नसते. पूर्वी कोणीतरी एक पक्षी हाती घेतला, तो पावशा आहे असे जाणत्या नजरेने ठरविले, त्याची तारीख व स्थळ लिहून ठेविले आणि त्याचा क्रम भांडारात जमा केला, म्हणून आज यंत्र नाव सांगू शकते. ती पहिली ओळख चुकली असेल, तर पुढील प्रत्येक नमुन्याची ओळख तितक्याच अचूकपणे चुकत जाईल.

नामपट्टी चुकली म्हणजे काय होते, याचा धडा महाराष्ट्राने एकदा घेतलेला आहे. रानपिंगळा हा मध्य भारतातील पक्षी १८७२ मध्ये ब्लेविट यांनी प्रथम मिळविला, आणि पुढील वर्षी ह्यूम यांनी त्याचे वर्णन केले. १८८४ नंतर तो कोणासही मिळाला नाही. जगातील संग्रहालयांत त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांपैकी एकावर रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांची १९१४ सालची, गुजरातेतील मांडवी येथील नामपट्टी होती. तिच्यावर विश्वासून शोध केला असता हाती काहीच लागत नसे. पामेला रासमुसेन यांनी कातडे भरण्याच्या पद्धतीची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो नमुना जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळविलेला असून चोरून, पुन्हा भरून, खोट्या पट्टीनिशी मांडलेला होता, असे उघडकीस आले. ती पट्टी बाजूस सारून खऱ्या स्थळांचा शोध घेतल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एका खोट्या पट्टीने अनेक वर्षे शोधकांस भलतीकडे नेले होते. एका खऱ्या पट्टीने ११३ वर्षांनंतर पक्षी परत मिळवून दिला. या पक्ष्याची स्वतंत्र प्रजाती मानावी की त्यास आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या ‘अथीनी’ प्रजातीत घालावे, हा जुना वाद २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी डी.एन.ए.च्या आधारे हाताळला आणि तो अथीनी कुलशाखेतच बसतो असे दाखविले. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे : आधी खरी नामपट्टी, मग रानातील पक्षी, आणि त्यानंतर डी.एन.ए.

याच कारणाने बारकोड भांडारांनी अधिकृत नोंदीस अटी घातल्या आहेत. केवळ अक्षरक्रम पुरत नाही. ज्या प्राण्याचा तो आहे त्याचा जपून ठेविलेला नमुना, त्याचे स्थळ आणि यंत्राने दिलेले मूळ आलेख हेही सोबत असावे लागतात. पक्ष्यांच्या बाबतीत नमुन्यासाठी पक्षी मारणे आज कोणी इष्ट मानणार नाही. वनविभागाच्या परवानगीने रस्त्यावर किंवा विजेच्या तारांखाली मेलेले पक्षी, गळलेली पिसे, आणि त्यासोबत छायाचित्र, मापे व आवाजाचे ध्वनिमुद्रण, यांवर काम उभे करता येते.

आपल्या परिसरातील कार्य

सलीम अली यांनी १९३१-३२ च्या सुमारास हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा नांदेड जिल्हा त्या संस्थानात होता. ह्यू व्हिसलर यांच्या टिपणांसह ती मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. त्या पिढीने जपलेल्या कातड्यांच्या पायाच्या बोटाखालील त्वचेचा एक कण घेऊन आज डी.एन.ए. मिळविता येतो, तो तुटक असतो, पण वाचता येतो. ज्यांना या रेणूची रचनाही ठाऊक नव्हती, त्यांनी केवळ पट्टी नीट लिहिली म्हणून त्यांचे काम आजच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडते.

नांदेड-लातूरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढील कार्य यावरून स्पष्ट होते. गोदाकाठची पाणथळ जागा, मुदखेडची फुलशेती, भोकर-किनवटकडील रान आणि लातूरकडील माळ, अशी चार प्रकारची भूमी आपल्यापाशी आहे. अक्षरक्रम वाचून देणारी यंत्रे पैसे देऊन कोठेही मिळतात; परंतु अमुक पीस अमुक बांधावर, अमुक तारखेस, अमुक पक्ष्याचे म्हणून मिळाले, ही नोंद येथे राहणाराच करू शकतो. माळावरील चंडोल एकमेकांपासून ओळखण्यास कठीण आहेत. सातभाईंच्या घरट्यांतील निळ्या अंड्यांपैकी पावशाची किती, हे मोजणे उपयोगाचे आहे. अंड्याच्या टाकून दिलेल्या कवचाच्या आतील पातळ पापुद्र्यातूनही डी.एन.ए. मिळतो, आणि त्यासाठी घरट्यास धक्का लावावा लागत नाही.

अशा कामाचा आरंभ प्रयोगशाळेत होत नाही. तो वहीत होतो. ज्या शेतकऱ्याने आवाजावरून पावशा ओळखला, त्याच्या बांधावर उभे राहून तारीख, वेळ आणि जागा लिहून घ्यावी, आवाज मुद्रित करावा, पीस मिळाल्यास कोरड्या कागदी पाकिटात ठेवून त्यावर तोच क्रमांक घालावा. पाकिटावर क्रमांक नसेल, तर ते पीस पुढे यंत्रापर्यंत नेऊ नये.